‘माऊ’ : मांजराच्या घरगुती नावाचा अर्थ आणि रोजचा वापर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मराठीत या प्राण्याला मांजर म्हणतात हे सर्वांनाच ठाऊक आहे, परंतु घरातल्या मांजराला हाक मारताना तो शब्द क्वचितच कोणाच्या तोंडी येतो. तेथे ‘माऊ’ येते, ‘मनी’ येते किंवा दोन्ही मिळून ‘मनीमाऊ’ येते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशातील जिल्ह्यांत या शब्दांना अहिराणीचा शेजार लाभला आहे, त्यामुळे इतर भागांत सहसा न पडणारे काही प्रश्न येथे पडतात. त्या प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत. हा शब्द लहान मुलांचा म्हणून दुर्लक्षिला जातो, पण त्याचे व्याकरण, त्याची मर्यादा आणि त्यामागची आपुलकी यांची नीट दखल घेतली पाहिजे, या भावनेने ती लिहिली आहेत.

‘माऊ’ या शब्दाचा नेमका अर्थ काय?

‘माऊ’ म्हणजे मांजर, परंतु कोणतेही मांजर नव्हे. ज्या मांजराशी बोलणाऱ्याची ओळख आहे, किंवा निदान जवळीक करण्याची इच्छा आहे, त्यालाच हा शब्द लागतो. गल्लीतल्या अनोळखी मांजराविषयी शेजाऱ्याला सांगताना आपण ‘एक मांजर रोज येते’ असे म्हणतो. तेच मांजर दोन-चार दिवस ओट्यावर बसू लागले, मुलांनी त्याच्यापुढे दुधात कुस्करलेली भाकरी ठेवली, की घरात ‘माऊ आली का?’ अशी विचारणा सुरू होते. प्राणी तोच असतो. बदललेले असते ते त्याचे आणि घराचे नाते. म्हणून शब्दकोशात ‘मांजर (लडिवाळपणे)’ एवढाच अर्थ दिला तर तो चुकीचा ठरत नाही, पण अपुरा राहतो.

हा शब्द आला कोठून?

त्याचे मूळ मांजराच्या आवाजात आहे. मराठी बालभाषेत चिमणीची चिऊ होते, कावळ्याचा काऊ होतो आणि मांजराची माऊ होते. या तिन्ही शब्दांत आवाजाची नक्कल स्पष्ट ऐकू येते : चिवचिव, कावकाव, म्यावम्याव. विशेष असे की चिमणी, कावळा आणि मांजर या मूळ शब्दांची पहिली अक्षरेही चि, का आणि मा याच ध्वनींच्या जवळची आहेत. त्यामुळे मूल ‘माऊ’ म्हणते तेव्हा त्याने आवाजावरून नाव घेतले की मोठ्यांच्या शब्दाचा पहिला तुकडा उचलला, हे वेगळे काढता येत नाही. दोन्ही वाटा एकाच शब्दापाशी येऊन मिळतात, आणि तो मुलांच्या जिभेवर इतक्या सहज बसतो त्याचे एक कारण हेच असावे.

आवाजावरून मांजराला नाव देण्याची रीत जगभर आढळते. प्राचीन इजिप्तच्या भाषेतील मांजराचा शब्द ‘मिऊ’च्या जवळ जाणारा होता आणि चिनी भाषेत आजही मांजराला ‘माओ’ म्हणतात. याचा अर्थ मराठी शब्द तिकडून आला असा मुळीच नाही. एकाच प्राण्याचा आवाज ऐकून वेगवेगळ्या लोकांनी आपापल्या उच्चाराप्रमाणे नाव घडवले, इतकेच. प्रौढ मांजरे एकमेकांशी ‘म्याव’ करून फारसे बोलत नाहीत. पिल्ले आईला हाक मारताना हा आवाज काढतात, आणि मोठी मांजरे तो प्रामुख्याने माणसांसाठी राखून ठेवतात. तेव्हा ‘माऊ’ हा शब्द ज्या आवाजावरून घडला, तो आवाज मांजर आपल्यालाच उद्देशून काढत असते.

‘मांजर’ या शब्दाचा वंश मात्र निराळा आहे. तो संस्कृत ‘मार्जार’वरून आला आणि ‘मार्जार’च्या मुळाशी पुसणे, स्वच्छ करणे या अर्थाचा ‘मृज्’ धातू आहे. सतत अंग चाटून स्वच्छ करणाऱ्या प्राण्याला तो शोभतो. शास्त्रीय लेखनातील ‘मार्जार कुल’, योगातील ‘मार्जारासन’ आणि पिल्लाला तोंडात धरून नेणाऱ्या मांजरीवरून वेदान्तात सांगितला जाणारा ‘मार्जारकिशोर न्याय’ या ठिकाणी तो मूळ रूपातच टिकून आहे.

माऊ, मनी, मनीमाऊ, बोका आणि भाटी यांत फरक काय?

‘माऊ’ हे सर्व मांजरांना लागू पडणारे लडिवाळ सामान्यनाम आहे, तर ‘मनी’ हे बहुधा विशेषनाम म्हणून वापरले जाते. घरात एकच मांजर असेल तर तिचे नाव ‘मनी’ ठेवण्याची पद्धत इतकी रूढ आहे की ‘मनी’ म्हटले की मांजरीचेच चित्र डोळ्यांपुढे येते. गाईचे नाव कपिला किंवा बैलाचे नाव सर्जा असावे, त्याच वळणाचे हे नाव आहे. ‘मनीमाऊ’ हा जोडशब्द मुलांच्या गाण्यांत, गोष्टींत आणि घास भरवताना अधिक ऐकू येतो. काही घरांत नर पिल्लाला ‘मन्या’ म्हणतात.

‘बोका’ म्हणजे नर मांजर. हा शब्द घरगुती असला तरी लडिवाळ नाही. त्यात अंगाने दांडगा, रात्री कौलांवर किंवा धाब्याच्या सपाट छपरावर भांडणारा, शिंक्यावर डोळा ठेवून असणारा असा भाव आहे. म्हणूनच आयत्या लाभावर टपून बसलेल्या माणसालाही ‘बोका’ म्हणतात. ‘भाटी’ हा मादी मांजराचा जुना शब्द आज बोलण्यातून जवळजवळ गेला आहे. तो शाळेच्या व्याकरणात, लिंग बदला या प्रश्नात, ‘बोका – भाटी’ या जोडीपुरता उरला आहे आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले तो पाठ करतात. माझ्या मते तो केवळ परीक्षेपुरता राहू नये. बोक्याला जसा स्वतःचा शब्द आहे तसा मांजरीलाही असावा. पण आपल्या घरातील मांजरीला ‘भाटी’ म्हणून हाक मारणारे कोणी भेटणे आज कठीण आहे, हेही मान्य केले पाहिजे.

शाळेत प्राण्यांच्या पिल्लांची आणि घरांची नावे शिकवतात. गाईचे वासरू, म्हशीचे रेडकू, शेळीचे करडू, घोड्याचे शिंगरू अशी स्वतंत्र नावे येतात, आणि मांजरापाशी आल्यावर साधे ‘पिल्लू’ येते. गाईचा गोठा असतो, उंदराचे बीळ असते. मांजराच्या निवाऱ्याला मात्र सहसा वेगळा शब्द दिलेला आढळत नाही. त्याला कारण आहे. मांजर माणसाच्याच घरात राहते, चुलीच्या उबेला झोपते आणि कणगीमागे वीते. त्याला वेगळा निवारा कोणी बांधला नाही, म्हणून त्या निवाऱ्याला शब्दही घडला नाही.

खानदेशात ‘मनी’ हा शब्द ऐकून गोंधळ का होतो?

कारण अहिराणीत ‘मनी’ म्हणजे ‘माझी’. प्रमाण मराठीतील माझा, माझी, माझे यांच्या जागी अहिराणीत मना, मनी, मनं ही रूपे येतात. मना भाऊ, मनी माय, मनं घर. पुण्याहून किंवा कोकणातून बदली होऊन अमळनेरला, चाळीसगावला किंवा साक्रीला आलेल्या माणसाने ‘मनी माय’ हे शब्द प्रथम ऐकले की मनी नावाच्या कोणा बाईची चर्चा चालली आहे असे त्याला क्षणभर वाटते. उलट एखाद्या अहिराणी घरातील मुलीने आपल्या मांजरीविषयी ‘हाई मनी मनी शे’ असे म्हटले, तर त्यातील पहिली मनी ‘माझी’ आणि दुसरी मांजर, हे ऐकणाऱ्याला संदर्भावरूनच कळते. ‘ही माझी मनी आहे’ या वाक्यापेक्षा त्या अहिराणी वाक्यात अधिक लळा आहे असे मला वाटते. मालकी आणि नाव एकाच ध्वनीत येण्याचा योग प्रमाण मराठीत नाही.

गुंता येथेच संपत नाही. अहिराणी उच्चारात ‘ण’च्या जागी बहुधा ‘न’ येतो, पाण्याचे ‘पानी’ होते आणि लोण्याचे ‘लोनी’. त्यामुळे माळेतला ‘मणी’ही ‘मनी’सारखाच ऐकू येतो. याशिवाय जुन्या मराठीतील ‘मनी’ म्हणजे ‘मनात’ हा अर्थ म्हणींमधून सर्वत्र जिवंत आहे : ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’, ‘मनी नाही भाव आणि देवा मला पाव’. अलीकडच्या काळात मनीऑर्डर आणि मनीप्लँट यांतील इंग्रजी ‘मनी’ची भर पडली. एवढे सगळे अर्थ एका उच्चारात नांदत असूनही घरात ‘मनी कुठे गेली?’ असे विचारले की कोणीही माळेतला मणी शोधायला उठत नाही. कारण बाकीचे काम क्रियापद आणि बोलणाऱ्याचा स्वर करतो.

असाच एक बारकावा ‘माऊ’च्या बाबतीत आहे. अहिराणीत षष्ठीचे प्रत्यय ना, नी, नं असे आहेत. ‘गावचे लोक’ याला ‘गावना लोक’ म्हणतात. म्हणून अहिराणीत ‘माऊनं दूध’ म्हणजे माऊचे दूध. बोली मराठीत मात्र ‘माऊनं दूध…’ असे ऐकले की पुढे ‘प्यायलं’ येणार अशी अपेक्षा असते, कारण तेथे ‘माऊनं’ म्हणजे ‘माऊने’. दोन्ही भाषा बोलणाऱ्या घरात हे शब्द अर्धवट ऐकणाऱ्याला दूध वाटीत आहे की माऊच्या पोटात गेले, हे वाक्य पूर्ण होईपर्यंत ठरवता येत नाही.

खानदेशात मांजराला बोलावताना आणि हाकलताना काय म्हणतात?

बोलावताना नाव दोनदा आणि पुढे ‘ये’ दोनदा, असा साधारण प्रकार असतो : ‘मनी मनी, ये ये’. ओट्याच्या फरशीवर वाटी हलकेच आपटणे हाही हाकेचाच एक भाग आहे, आणि पुष्कळ मांजरे नावापेक्षा त्या वाटीच्या आवाजाला आधी ओळखतात. संध्याकाळी दूध तापवून साय बाजूला काढली जाते तेव्हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पुढचे पाय जुळवून बसलेली मनी कोणाकडेही न पाहता फक्त पातेल्याकडे पाहत असते. अशा वेळी घरातली आजी, खानदेशी बोलीत मोठमाय, तिला ‘थांब माऊ, निवू दे’ असे सांगते, आणि त्या स्वरात नातवंडाशी बोलण्याचाच सूर असतो.

हाकलताना ‘माऊ’ हा शब्द कोणी वापरत नाही. दूध सांडले, ताटात तोंड घातले किंवा पापड वाळत घातलेल्या चादरीवरून मांजर चालत गेले की ‘मांजर आली बघा!’ किंवा ‘हट मेल्या बोक्या!’ असे शब्द येतात, मग ते जनावर मादी का असेना. एकाच मांजरीला सकाळी माऊ आणि दुपारी बोका म्हटले जाते; कोणता शब्द निघाला यावरून घरातल्या माणसाची मनःस्थिती तंतोतंत कळते.

‘माऊ’ शब्दाचे लिंग, वचन आणि लेखन कसे असावे?

‘माऊ’ स्त्रीलिंगी आहे : माऊ आली, माऊ बसली, पांढरी माऊ. मूळ ‘मांजर’ शब्द लेखनात नपुंसकलिंगी मानतात (ते मांजर, ती मांजरे), परंतु बोलताना पुष्कळ घरांत ‘ती मांजर आली’ असे स्त्रीलिंगी रूपच ऐकू येते आणि ते चुकीचे समजण्याचे कारण नाही.

अनेकवचनाचा प्रश्न अधिक मनोरंजक आहे. मराठीत ऊकारान्त स्त्रीलिंगी नामांचे अनेकवचन पुष्कळदा वाकारान्त होते : सासू – सासवा, जाऊ – जावा, जळू – जळवा, पिसू – पिसवा. हा नियम ‘माऊ’ला लावला तर ‘मावा’ असे रूप होईल, आणि ते कोणीही बोलत नाही. ‘दोन माऊ आल्या’ असेच म्हणतात. चिऊ हा शब्दही असाच वागतो. मुलांसाठी घडलेले आणि हाकेसाठी वापरले जाणारे हे शब्द विशेषनामांप्रमाणे चालतात, म्हणून ते सहसा विकार पावत नाहीत. विभक्ती प्रत्यय लावतानाही मूळ रूप जसेच्या तसे राहते : माऊला, माऊने, माऊचे, माऊसाठी.

लेखनात शेवटचा ऊ दीर्घच असावा. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांपैकी १४ नियम १९६२ मध्ये मान्य झाले आणि १९७२ मध्ये आणखी ४ नियमांची भर पडली. त्यांनुसार मराठी शब्दाच्या शेवटी येणारा इकार आणि उकार दीर्घ लिहायचा असतो. त्यामुळे ‘माउ’ हे लेखन योग्य नाही. मात्र ‘माउली’ या शब्दात शेवटचे अक्षर दीर्घ असल्याने उपान्त्य ‘उ’ ऱ्हस्व येतो. ‘माऊली’ असे लिहिलेले फलक सर्वत्र दिसतात, तरी नियमानुसार ते बरोबर नाही. मोबाइलवर रोमन अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी : यंत्र ‘माऊ’च्या जागी ‘मऊ’ सुचवू शकते, आणि ‘आमची मऊ हरवली आहे’ असे वाक्य सोसायटीच्या गटात गेले तर मदतीला येणाऱ्याला कशाचा शोध घ्यायचा हेच कळणार नाही.

बोक्याला ‘माऊ’ किंवा ‘मनी’ म्हणता येते का?

‘माऊ’ निश्चितच म्हणता येते. पिल्लू लहान असताना ते नर की मादी हे घरच्यांना ओळखू येत नाही आणि सर्वच पिल्ले माऊ असतात. ‘मनी’ हे नाव मात्र अशा घाईत ठेवले जाते आणि पुढे मनीचा बोका निघतो. तीन रंगांचे, म्हणजे पांढरे, काळे आणि केशरी असे कबरे पिल्लू असेल तर मनी नाव ठेवण्यास सहसा हरकत नसते, कारण केशरी रंग ठरवणारा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो आणि त्यामुळे तीन रंगांची मांजरे जवळजवळ नेहमी मादीच असतात. पूर्ण केशरी पिल्लांत मात्र बोक्यांचे प्रमाण अधिक असते.

माणसाला ‘माऊ’ म्हणणे योग्य आहे का?

घरातील लहान मुलाला किंवा मुलीला ‘माझी माऊ’ म्हणणे सर्वत्र चालते. त्यात निरागसपणा, मऊपणा आणि कुशीत शिरण्याची सवय हे सगळे भाव येतात. मूल मोठे झाले तरी आई आणि आजी यांच्या तोंडी हे नाव टिकते, आणि लग्न झालेल्या मुलीला माहेरी आल्यावर ‘माऊ’ म्हणून हाक मारणारी घरे खानदेशातही पुष्कळ आहेत. जोडीदार एकमेकांना असे म्हणतात तेव्हा तो त्या दोघांपुरता शब्द असतो.

याबाहेर मात्र संयम पाळावा. कार्यालयातील सहकारी स्त्रीला, शेजारच्या सुनेला किंवा विद्यार्थिनीला ‘माऊ’ म्हणणे हा अनादर आहे, कारण जवळीक दोन्ही बाजूंनी मान्य असल्याशिवाय हा शब्द शोभत नाही. पुरुषाला ‘बोका’ म्हणण्यात तर थेट दोषारोप असतो. ज्या भागात वडीलधाऱ्याला आदराने जिभाऊ, आप्पा, नाना म्हणण्याची रीत आहे, तेथे ‘जिभाऊ, तुमची मनी आमच्या ओट्यावर आली आहे’ असे मांजरीविषयी खुशाल म्हणावे. लडिवाळ शब्द मांजरीला आणि आदराचा शब्द माणसाला, ही विभागणी लोक आपोआप पाळतात.

म्हणींमध्ये ‘माऊ’ का आढळत नाही?

कारण म्हणी मांजराकडे दुरून आणि संशयाने पाहतात. ‘मांजर डोळे मिटून दूध पिते’ ही म्हण आपले कृत्य कोणाला दिसत नाही असे समजणाऱ्याविषयी आहे. ‘शिंके तुटले आणि बोक्याचे फावले’ ही आयत्या संधीविषयी आहे. ‘उंदराला मांजर साक्ष’ म्हणजे एका लबाडाची ग्वाही दुसऱ्या लबाडाने द्यावी. ‘मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची?’ हा प्रश्न ग्रामसभेत, पतपेढीच्या बैठकीत आणि सोसायटीच्या निवडणुकीत आजही तितकाच ताजा आहे. या सगळ्यांत मांजर धूर्त किंवा भीतिदायक आहे. तेथे ‘माऊ’ घालून पाहावे, म्हणजे म्हण लगेच दुबळी होते; ‘माऊच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची?’ असे विचारले तर घरातले कोणतेही पोर ‘मी बांधतो’ म्हणून पुढे येईल.

प्रेमाने पाहणारी एक म्हण मात्र आहे : ‘मांजरीचे दात तिच्या पिल्लाला लागत नाहीत’. ज्या दातांनी ती उंदीर मारते, त्याच दातांत मानेची कातडी धरून ती पिल्लू उचलते आणि पिल्लाला ओरखडाही उमटत नाही. आईच्या रागावण्याविषयी बोलताना ही म्हण वापरतात. मांजरी पिल्लांना सात घरे फिरवते अशीही समजूत आहे. सात हा आकडा बोलण्यातला असला तरी निरीक्षण खरे आहे, कारण जागा उघडी पडली किंवा असुरक्षित वाटू लागली की ती पिल्लांना दुसरीकडे हलवते.

आडवे जाण्याची अंधश्रद्धाही ‘मांजर’ याच शब्दाला चिकटली आहे. ‘माऊ आडवी गेली’ असे म्हणून कोणी कामाला निघालेला माणूस थांबत नाही. अपशकुन मानायचा तर प्राणी परका असावा लागतो, आणि ‘माऊ’ म्हटल्यावर तो परका राहत नाही. मुलांच्या मनातून ही समजूत काढून टाकण्यासाठी एखाद्या शिक्षकाला एवढे एकच उदाहरण पुरेसे ठरू शकते.

‘वाघाची मावशी’ आणि ‘माऊ’ यांचा काही संबंध आहे का?

शब्दांचा संबंध नाही. ‘मावशी’ हा शब्द संस्कृत ‘मातृष्वसा’, म्हणजे आईची बहीण, यावरून आला आहे. त्याचे आणि ‘माऊ’चे ध्वनी जवळ आल्यामुळे मुलांना ते एकाच घरातले वाटतात, इतकेच. प्राण्यांचा संबंध मात्र खरा आहे. वाघ आणि मांजर एकाच मार्जार कुलातील आहेत. मावशीने भाच्याला शिकारीच्या सर्व युक्त्या शिकवल्या, परंतु झाडावर चढण्याची विद्या स्वतःजवळ ठेवली, ही लोककथा त्या नात्याला धरूनच सांगितली जाते.

पाणमांजर, उदमांजर, रानमांजर यांनाही माऊ म्हणता येईल का?

नाही. पाणमांजर आणि उदमांजर यांच्या नावात मांजर असले तरी ते मार्जार कुलातील प्राणी नाहीत. रानमांजर त्या कुलातील आहे आणि सातपुड्याच्या पायथ्याशी, यावलच्या जंगलालगतच्या शेतांत त्याचा वावर असतो. उसात किंवा केळीच्या बागेत त्याची पिल्ले सापडली की ती माऊच समजून घरी आणण्याचा मोह होतो. तसे करू नये. आई जवळपास असते आणि ती परत येते. पिल्ले सापडल्याचे वनविभागाला कळवावे. ‘मांजरपाट’ या जाड्याभरड्या कापडाचा तर मांजराशी कसलाच संबंध नाही.

लहान मुलांना ‘माऊ’ शिकवावे की थेट ‘मांजर’?

दोन्ही, आणि याच क्रमाने. मूल बोलू लागते तेव्हा ‘म’ आणि ‘आ’ हे ध्वनी त्याला आधी जमतात, ‘ज’ आणि ‘र’ नंतर येतात. म्हणून ‘माऊ’ त्याला लवकर उच्चारता येते, आणि समोरच्या प्राण्याकडे बोट दाखवून त्याचे नाव घेता आल्याचा त्याला होणारा आनंद मोठा असतो. ‘हा घास चिऊचा, हा घास काऊचा, हा घास माऊचा’ असे म्हणत भरवताना ते केवळ जेवत नाही. अंगणातल्या जिवांची ओळखही करून घेते. मूल मोठे होईल तसे ‘मांजर’ त्याला आपोआप मिळते. बालभाषा शिकवल्याने मूल मागे पडेल ही भीती निराधार आहे.

शहरांतील काही घरांत आता पहिला शब्द ‘कॅट’ किंवा ‘किटी’ असतो. इंग्रजी शब्द मुलाला कळण्यात काही वाईट नाही. तो शाळेत मिळणारच आहे. परंतु आजीशी फोनवर बोलताना मुलाजवळ ‘माऊ’ नसेल, तर त्या दोघांमधला एक दुवा विनाकारण तुटतो. ज्या घरात अहिराणी बोलली जाते, तेथे मुलाला तीही ऐकू द्यावी. मना, मनी, मनं ही रूपे लहानपणीच कानावर पडली तर ती वेगळी शिकवावी लागत नाहीत.

दवाखान्यात किंवा कागदपत्रांत कोणता शब्द वापरावा?

तेथे ‘मांजर’ हाच शब्द वापरावा. पशुवैद्यकीय दवाखान्यात नोंद करताना प्राणी – मांजर, लिंग – मादी किंवा नर, नाव – मनी, अशी माहिती स्वतंत्रपणे सांगावी. हरवलेल्या मांजराची सूचना लिहिताना आधी मांजर हा शब्द, मग रंग आणि खूण, आणि शेवटी हाकेचे नाव द्यावे, कारण शोधणाऱ्याला तीच हाक मारायची असते.

माणसाला इजा झाली असेल तर शब्दांबाबत अधिकच दक्ष राहावे. ‘माऊने थोडे केले’ असे आईने लाजत सांगितल्याने डॉक्टरांना काहीच कळत नाही. मांजर चावले की बोचकारले, ते घरचे होते की बाहेरचे, त्याला लस दिली होती का आणि ते आता कुठे आहे, हे स्पष्ट सांगावे, कारण रेबीज मांजरांकडूनही होऊ शकतो. जखम आधी साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, चुना किंवा तिखट लावू नये.

आमच्या मांजराचे नाव आधीपासून वेगळे आहे. तरीही त्याला माऊ म्हटले तर ते गोंधळेल का?

गोंधळणार नाही. मांजरे आपले नाव इतर शब्दांपासून वेगळे ओळखू शकतात, आणि दोन-तीन नावांची सवयही त्यांना होते, मात्र प्रत्येक नाव नेहमी साधारण एकाच स्वरात आणि काहीतरी सुखद घडण्याच्या वेळी घेतले गेले पाहिजे. रागावताना तेच नाव वापरू नये. जळगावच्या डाळमिलमध्ये किंवा धान्याच्या गोदामात उंदरांसाठी ठेवलेल्या मांजरीला प्रत्येक पाळीतला कामगार वेगळ्या नावाने हाक मारू शकतो. ज्याच्या हाकेनंतर डबा उघडतो, त्याच्याकडे ती जाते.